सुई, लाटणे आणि दुखणी

होळी झाली की आपल्याकडच्या गच्च्या आणि अंगणे भरू लागतात. जुन्या साडीवर कुरडया, बाजेवर शेवया, परातीत सांडगे आणि राखणीला काठी घेऊन बसलेली एखादी आजी. दुपारी ऊन उतरेपर्यंत सावलीत गोधडीचे टाके चालू असतात. त्यातच लग्नसराई. ज्या घरी शिलाई मशीन आहे, त्या घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोचे ढीग पडतात.

आणि याच दिवसांत दवाखान्यात मान, पाठ, खांदा, मनगट आणि डोळे यांच्या तक्रारी वाढतात. केसपेपर लिहिताना मी विचारतो, "ताई, काम काय करता?" उत्तर ठरलेले, "काही नाही, घरीच असते." ही 'घरीच असणारी' बाई गेल्या चार दिवसांत चार-पाच किलो उडदाचे पापड लाटून आलेली असते. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. तेच लाटणे आपल्या घरच्या ओट्यावर फिरले, की ते काम राहत नाही! असो.

हे मानापमानापुरते असते तर आरोग्याच्या सदरात लिहिण्याचे कारण नव्हते. पण जे काम म्हणून मोजले जात नाही, त्यापासून होणारी इजाही मोजली जात नाही. कारखान्यातल्या कामगाराचा खांदा दुखला तर तो यंत्राकडे बोट दाखवतो. घरातली बाई म्हणते, "वय झालं," किंवा "अशक्तपणा आलाय, एक ताकदीचं इंजेक्शन द्या." ताकदीच्या इंजेक्शनाने न खांदा थांबतो, न डोळा. पुष्कळदा यावरचा उपाय फार स्वस्त असतो. फक्त दुखणे कशाने आले, हे ओळखावे लागते.

डोळ्यांपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे.

सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई मध्यंतरी आल्या होत्या. नवरा हमालीला जाई, त्यांचा हात चालला तर घरात दोन पैसे जास्त येत. वर्षभरापासून सुई ओवता येत नव्हती. मुलगी शाळेत जाण्याआधी पाच-सहा सुया ओवून ठेवी. पुढे पुढे काळ्या कापडावर टीप वाकडी जाऊ लागली, दोन ब्लाउज उसवून द्यावे लागले. त्यांनी नवीन कामे घेणे बंद केले आणि मशीन विकायला काढली. "डोळे गेले डॉक्टर, आता काय करायचं मशीनचं?" डोळे तपासून घेतले, तर गेले वगैरे काही नव्हते. त्यांना चाळिशी लागली होती. दीड नंबरचा चष्मा लावून त्यांनी माझ्यासमोर सुई ओवली आणि दोरा पुन्हा काढून परत ओवून पाहिला.

चाळिशी हा रोग नव्हे. आपल्या डोळ्यात एक लवचीक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना सपाट होते. वयाबरोबर ते भिंग ताठर होत जाते आणि चाळिशीच्या आसपास जवळचे अक्षर, तांदळातला खडा, सुईचे नाक धूसर दिसू लागते. वस्तू हात लांब करून धरली की नीट दिसते, दिव्याखाली बरी दिसते, संध्याकाळी त्रास वाढतो. हे स्त्री-पुरुष सर्वांना होते. पुरुष वर्तमानपत्र लांब धरतो तेव्हा घरातल्यांच्या लगेच लक्षात येते. बाईची सुई कुणी पाहत नाही.

'एकदा चष्मा लावला की डोळे आळशी होतात, नंबर वाढत जातो' असे अनेकजणी सांगतात. यात तथ्य नाही. चष्मा लावा अथवा लावू नका, भिंग ताठर होतच जाते. पन्नाशीत दोनच्या आसपास, साठीत अडीच-तीनपर्यंत नंबर जातो आणि पुढे साधारण तिथेच राहतो. चष्मा न लावल्याने फक्त कपाळ दुखते, मान वाकते आणि काम बुडते. किती बुडते, याचा चांगला हिशेब आसामात झाला आहे. तिथल्या चहाच्या मळ्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांचा अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर दिला. चष्मा मिळालेल्यांची खुडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त भरली. चहाची पाने तर डोळ्यांना ढळढळीत दिसतात. काळ्या कापडावरचा काळा दोरा हे त्याहून कितीतरी बारीक काम.

जत्रेत, बाजारात तयार चष्मे मिळतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर त्याने काम भागते, ते काही विष नाही. पण पहिला चष्मा मात्र डोळे तपासूनच घ्यावा. चाळिशीनंतर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि तो बरेच दिवस काहीही न दुखता नजर खातो. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीची सोय कोणत्या दिवशी असते, ते विचारून ठेवावे. घरच्या घरी एक करून पाहता येते. एक डोळा तळहाताने झाकून सुई ओवायची, मग दुसरा झाकून. दोन डोळ्यांत मोठा फरक जाणवला तर तयार चष्म्याच्या नादी लागू नये.

आणखी एक गंमत सांगतो, जी खरे तर गंमत नाही. "आमच्या आजींना पंच्याहत्तराव्या वर्षी बिनचष्म्याची सुई ओवता येते, जुन्या तुपाची ताकद!" असे कौतुकाने सांगितले जाते. ज्यांना आधी चष्मा लागत होता आणि म्हातारपणी तो आपोआप सुटला, त्यांच्या बाबतीत हे बहुधा मोतीबिंदूचे पहिले लक्षण असते. मोतीबिंदूने भिंगाचा मधला भाग घट्ट होऊ लागला की काही काळ जवळचे स्पष्ट दिसते आणि लांबचे बिघडते. आजीला सुई दिसते, पण समोरून येणारी मोटारसायकल दिसत नाही. तसेच ज्यांचा नंबर दोन-चार महिन्यांत वरखाली होतो, त्यांनी चष्मेवाल्याशी भांडण्याआधी रक्तातली साखर तपासावी.

उजेडाविषयी थोडे. मोठा दिवा उंच छताला लावण्यापेक्षा लहान दिवा कामाजवळ आणावा. दिवा निम्म्या अंतरावर आणला की कामावरचा उजेड चौपट होतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी उजेड डाव्या बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. काळे-निळे कापड दिवसा शिवावे, पांढरे-पिवळे रात्रीसाठी ठेवावे. अधूनमधून मान वर करून समोरच्या झाडाकडे पाहावे. मशीनचे तेल बदलतो तितके तरी डोळ्यांचे करावे, एवढेच.

मान आणि पाठ यांचे कारण बहुतेक वेळा स्टुलाच्या उंचीत सापडते. मशीन घेताना हजारो रुपये मोजतात आणि बसायला स्वयंपाकघरातला प्लॅस्टिकचा बुटका स्टूल घेतात. मग खांदे वर उचलून, कोपरे हवेत धरून चार-चार तास शिवतात. बसल्यावर कोपर मशीनच्या फळीइतके किंवा किंचित वर आले पाहिजे. त्यासाठी स्टुलावर घडी घातलेली सतरंजी ठेवली तरी चालते. पायमशीनवर दोन्ही पाय ठेवावेत. एकाच पायाने रेटल्यास त्या बाजूची कंबर धरते. मोटर बसवली असेल तर पायपट्टी जवळ ओढून घ्यावी.

गोधडीचे काम जमिनीवरच होते, त्याला इलाज नाही. पण कुल्ल्याखाली उशी आणि पाठीला भिंत एवढे तरी करता येते. आणि दर अर्ध्या तासाने उठावे. उठून पाणी प्यावे. काम करताना लघवीला जावे लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया मी पाहतो. मे महिन्यात लघवीच्या जळजळीने येणाऱ्यांत त्या पुष्कळ असतात. पापड लाटताना शक्य असेल तर पोळपाट ओट्यावर घेऊन उभ्याने लाटावे, आणि पाच किलोचे पीठ एका दिवसात संपवायचा हट्ट सोडावा. पूर्वी आळीतल्या सात-आठ जणी मिळून एकेका घरचे पापड करत. कुणी कुटायला, कुणी लाट्या करायला, कुणी लाटायला, आणि पोरे वाळत घालायला. खांदा एकटीचा नव्हता. आता एकटी सून लाटते आणि बाकीचे चांगले लाटले आहेत की नाही ते बघतात.

हातांना मुंग्या येण्याची तक्रार वेगळी ओळखावी. अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढेच बधिर होते, करंगळी सुटते. रात्री दोन-तीन वाजता हात जड होऊन जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणारी शीर दाबली गेली की असे होते. कात्री, लाटणे, धुण्याचे पिळे यांनी ते वाढते. गरोदरपण, थायरॉइड आणि मधुमेह यांतही होते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्याने अनेकांना आराम पडतो. पण अंगठ्याच्या बुडाचे मांस सुकू लागले, हातातून कपबशी निसटू लागली, तर थांबू नये. 'व्हिटॅमिन कमी असेल' म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खात बसल्यास ती शीर कायमची खराब होते.

दुकानातून सुट्या आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांबद्दल तर काय बोलावे. 'लाल गोळी आणि पिवळी गोळी' रोज घेणाऱ्या बायांच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे कुरकुरू लागतात. लाटून दुखलेला खांदा दोन दिवस विश्रांतीने आणि शेकाने बरा व्हायला हवा.

होत नसेल, तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डावा खांदा, हात, जबडा किंवा पाठीचा वरचा भाग, जिना चढताना किंवा भरलेली कळशी उचलताना दुखतो आणि बसले की थांबतो. सोबत घाम, धाप किंवा मळमळ असते. हे लाटण्याचे दुखणे नव्हे, हे हृदयाचे असू शकते. बायकांमध्ये छातीत ठसठशीत कळ न येताही हृदयविकाराचा झटका येतो. 'पापड केले म्हणून खांदा धरला' असे समजून बाम चोळत रात्र काढणे जिवावर बेतते. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच तासाला कार्डिओग्राम काढावा. नुसती शंका असली तरी काढावा, पट्टी चांगली निघाली म्हणून कुणी रागावत नाही.

सुई टोचण्याचे प्रकार रोजचेच. हाताला टोचली, रक्त आले, की लोक धावत येतात, "टीटी द्या." कुणी सांगते सहा महिने झाले, कुणी म्हणते गंज होता. धनुर्वात गंजाने होत नाही. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात आणि अरुंद, खोल जखमेत हवा पोहोचत नाही, तिथे ते वाढतात. अंगणात अंथरून शिवलेल्या गोधडीची दाभण म्हणूनच मशीनच्या स्वच्छ सुईपेक्षा जास्त संशयास्पद. लसीचे डोस आधी पूर्ण झालेले असतील, तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षांतून एकदा आणि मातीने भरलेल्या जखमेला पाच वर्षे उलटली असतील तर एक डोस पुरतो. दर सहा महिन्यांनी घेण्याची गरज नाही. सरकारी कार्यक्रमात आता 'टीटी'ऐवजी 'टीडी' ही लस देतात. तीत घटसर्पाचेही संरक्षण असते. तारीख मात्र कुणाच्याच लक्षात नसते. ती घरातल्या कॅलेंडरवर लिहिली तर वर्षाअखेर रद्दीत जाते. रेशन कार्डाच्या पिशवीत एक कागद ठेवावा.

मशीनची सुई नखातून आरपार गेली आणि मोडली, तर मोडलेले तुकडे शोधून एकमेकांना जुळवून पाहावेत. तुकडा कमी भरला तर एक्स-रे काढावा, पोलाद त्यात स्पष्ट दिसते. 'आपोआप बाहेर येईल' असे म्हणून वाट पाहू नये. आणि गोधडीला अंगुस्तान वापरायला लाजू नये.

आता भाजणे. यावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण कुरडईचा चीक पाण्यासारखा वाहून जात नाही. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचे ते सत्त्व शिजले की खळीसारखे घट्ट होते, अंगावर पडले की चिकटते आणि चिकटून बराच वेळ भाजत राहते. शिवाय पातेले बहुधा जमिनीलगतच्या चुलीवर असते आणि दूध-साखर घालून चीक खायला मिळणार म्हणून वाटी घेऊन पोरे भोवती घिरट्या घालत असतात. दरवर्षी एक-दोन मुले अशी येतात.

भाजल्याबरोबर पाणी, आणि तेही वीस मिनिटे. साधे, गार, वाहते पाणी. बर्फ नको. चीक ओरबाडून काढू नये, पाण्याखाली तो आपोआप सैल होतो. बांगड्या, अंगठ्या, करदोरा लगेच काढावा, नंतर सूज आली की कापावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाला तीन-चार दिवसांनी पाणी येते, वीस मिनिटे नळ सोडणार कसा, हा प्रश्न रास्त आहे. बादलीत हात बुडवून ठेवावा, किंवा परातीत धरून तांब्याने तेच पाणी पुन्हा पुन्हा ओतावे. पहिली दहा मिनिटे घाबरण्यात गेली तरी पाणी वाया जात नाही, तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, कोरफड, यांतले काहीही लावू नये. हे लावून आलेल्या रुग्णाची जखम किती खोल आहे ते दिसत नाही आणि ते खरवडून काढताना त्याला दुसऱ्यांदा भाजल्याइतके दुखते. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखान्यात यावे. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जागा भाजली असेल, किंवा तोंड, हात, सांधा, जननेंद्रिय भाजले असेल, किंवा मूल लहान असेल, तर घरी थांबू नये. चीक हाटताना सुती साडी किंवा सुती कपडे घालावेत, पदर खोचावा. पोरांसाठी रेषा आखावी आणि वाटी तिथे नेऊन द्यावी.

मिरच्या कांडल्यावर हातांची आग होते, त्याला पाणी चालत नाही. मिरचीतला तिखटपणा तेलात विरघळतो. आधी गोडेतेल चोळावे, मग साबण. ज्यांना दमा आहे त्यांनी त्या दिवशी शेजारी जाऊन बसावे.

शिवणाच्या डब्याविषयी एक सूचना. मणी, टिकल्या, बटणे घरात आली की दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या नाकात जातात. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड आठ-आठ दिवस येत असेल तर सर्दीचे औषध पाजत बसू नका, आत काहीतरी अडकले आहे. ते केसाच्या पिनेने काढायला जाऊ नये, मागे सरकते. मुलाने सुई किंवा टाचणी गिळली, तर केळी चारून वाट पाहण्याचा सल्ला अनेकजण देतात. तसे न करता लगेच एक्स-रेसाठी न्यावे.

शेवटी एका वाचक भगिनीच्या पत्राला उत्तर. यजमानांना रक्तदाब आहे, घरचे पापड तरी चालतील ना, असे त्यांनी विचारले आहे. घरचे म्हणून मीठ कमी होत नाही. पापडात मीठ तर असतेच, शिवाय पापडखारही सोडियमचाच क्षार. दिवसभरात सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आमटी-भाजी आणि लोणचेही आले. सणावाराला अर्धा पापड भाजून द्या, तळून नको. आणि पुढच्या वर्षी पीठ भिजवताना त्यांच्या वाटणीच्या दोन-तीनशे ग्रॅम उडदात मीठ निम्मे आणि मिरी जास्त घालून वेगळे लाटा. डब्यावर त्यांचे नाव लिहा, नाहीतर ते बरोबर दुसऱ्याच डब्यात हात घालतील.